रेषेच्या टोकाला कोण आहे? कोल्हापुरात फिरत लीडिंग लाइन्स शिकताना

मी काढलेला पहिला मोठा प्रिंट आमच्या गल्लीतल्या पेंटर काकांना दाखवायला नेला होता. काकांचं सगळं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं. फोटो रंकाळा तलावाच्या दगडी कठड्याचा होता. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेला कठडा सरळ लांब गेलेला, शेजारी पाणी, वर आभाळ. काकांनी पाटी आखायची सुतळी उचलली, प्रिंटवर कठड्याच्या रेघेवरून ताणत नेली आणि जिथं ती संपली तिथं अंगठा ठेवला. अंगठ्याखाली पांढुरकं आभाळ होतं आणि अर्धा कापला गेलेला विजेचा खांब.

"रेघ झकास हाय," काका म्हणाले. "पर ही मला कुठं घिऊन चाललीया?"

उत्तर माझ्याकडं नव्हतं. तोवर मी वर्षभर रस्ते, कठडे, पायऱ्या यांचे शेकडो फोटो काढले होते आणि त्यातल्या बहुतेक रेघा अशाच कुठंही न पोचणाऱ्या होत्या. नव्यानं शिकणाऱ्याचं वर्ष असं वाया जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

लीडिंग लाइन म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेला धरून फोटोच्या आत नेणारी रेषा. ती रस्त्याची असेल, बांधाची, पायरीच्या कडेची, सावलीची, नाहीतर ओळीनं लावलेल्या पणत्यांची. कधी ती दिसतही नाही. चार माणसं एकाच दिशेला बघत असली की आपली नजरही आपसूक तिकडंच वळते. रेषेचं काम एकच, नजरेला मुक्कामाला पोचवणं.

सोबत काय हवं

- फोन किंवा कॅमेरा, जो हाताशी असेल तो. या विषयासाठी नवीन काही विकत घेऊ नका.
- लेन्स पुसायला मऊ सुती कापड. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा बसलेला असतो आणि समोरून ऊन आलं की सगळा फोटो धुरकट होतो.
- बसायला पोत्याचा तुकडा. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढं गुडघे टेकायचे आहेत.
- ओळखपत्र. पहारेकऱ्यानं विचारलं तर दाखवायला.
- हातभर सुतळी. का ते शेवटच्या पायरीत.

ट्रायपॉड सुरुवातीला घरीच ठेवा. तो उभा केला की तुम्ही एका उंचीला आणि एका जागेला बांधले जाता, आणि शिकताना नेमकं उलट हवं असतं.

१. आधी टोक ठरवा, रेषा नंतर शोधा

नवीन माणूस नेमकं उलटं करतो. छान रस्ता दिसतो, तो फोटो काढतो आणि रस्त्याच्या टोकाला जे काही असेल ते फोटोत येतं. तुम्ही आधी ठरवा, दाखवायचं काय आहे? रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस? घाटावरची दीपमाळ? रंकाळ्यावर सकाळी फिरायला आलेले आजोबा? ते ठरलं की त्याच्याभोवती चाला आणि तिकडं जाणारं काय काय आहे ते बघा.

शिवाजी विद्यापीठात हे फार सोपं करून शिकता येतं. मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. पुतळा हे तुमचं टोक. आता हिरवळीची कड, रस्त्याची कड, झाडांची सावली यातलं कुठलं पुतळ्याकडं बोट दाखवतंय ते परवानगी असेल तिथून फिरून शोधा. अर्ध्या तासात तीन-चार रेषा सापडतात आणि दहा पावलं डावीकडं सरकलं की त्यातल्या दोन पुतळा सोडून भलतीकडं जातात. हे सरकणं म्हणजेच कंपोझिशन, चौकटीतली मांडणी. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

२. ग्रिड लावा आणि क्षितिज सरळ धरा

फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, ती चालू करून ठेवा. रंकाळ्याचं पाणी एका बाजूला कललेलं दिसलं तर बाकी काही बरोबर असून उपयोग नाही. नंतर सरळ करता येतं, पण तेव्हा कडा कापल्या जातात आणि रेषेची सुरुवात बहुधा कडेलाच असते.

३. खाली बसा

एकच पायरी लक्षात राहणार असेल तर ही राहू दे.

आपण सगळे फोटो उभ्यानं काढतो, डोळ्याच्या उंचीवरून. त्या उंचीवरून कठडा, पायवाट, पायरी या गोष्टी जगानं रोज पाहिल्या तशाच दिसतात आणि फोटोत एका बाजूला पडून राहतात. पेंटर काकांच्या प्रश्नानंतर मी त्याच कठड्याजवळ परत गेलो. पोत्यावर बसलो, फोन कठड्याच्या माथ्याच्या वर साधारण एक वीत धरला. एकदम सगळं बदललं. काळ्या दगडांचा खडबडीतपणा, दोन दगडांमधल्या भेगेत उगवलेलं गवताचं पातं, कुणीतरी ठेवून गेलेली शेंगांची टरफलं, हे सगळं फोटोच्या खालच्या भागात मोठं होऊन आलं. तिथून कठडा निमुळता होत गेला आणि त्याच्या टोकाला, पाण्यापलीकडं, शालिनी पॅलेसचा मनोरा उभा राहिला. जागा तीच होती, फोन तोच होता, मी फक्त अडीच-तीन फूट खाली आलो होतो.

कारण साधं आहे. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. कॅमेरा रेषेच्या जवळ नेला की जवळचं टोक आणि लांबचं टोक यांच्या आकारातला फरक वाढतो आणि तो फरकच नजरेला आत ओढतो.

पण इथं एक खड्डा आहे आणि मी त्यात बरेच दिवस होतो. कॅमेरा फार खाली नेऊ नका. तो कठड्याच्या माथ्याच्या बरोबरीला आला की माथा दिसायचाच बंद होतो, त्याची नुसती एक आडवी कड उरते. रेषा पसरण्याऐवजी मिटते. म्हणून वीतभर वर. पायऱ्यांवर, पायवाटेवर, बांधावर हेच माप थोडं कमीजास्त करून बघा. प्रत्येक जागी तीन उंचीवरून फोटो घ्या, उभ्यानं, गुडघ्यावर आणि जवळजवळ जमिनीवरून, आणि घरी जाऊन शेजारी शेजारी ठेवा.

४. रेषा कोपऱ्याजवळून आत आणा

रेषा फोटोच्या मधूनच अचानक सुरू झाली तर नजर तिच्यावर चढतच नाही. ती खालच्या कडेतून किंवा कोपऱ्याजवळून यावी. बरोबर कोपऱ्याच्या टोकातून मात्र नको. टोकातून आलेली रेषा चौकटीला चिरल्यासारखी दिसते. कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला पुरतात.

आपण डावीकडून उजवीकडं वाचतो, त्यामुळं खालून डावीकडून निघालेली रेषा बऱ्याच जणांना आत जाणारी वाटते आणि उजवीकडून आलेली थोडी अंगावर येणारी. हा नियम नव्हे, अनुभव आहे. एकच जागा दोन्ही बाजूंनी काढून बघा.

दुसरा खड्डा असा, की रेषा सब्जेक्टला, म्हणजे जे दाखवायचंय त्याला, ओलांडून पुढं चौकटीबाहेर निघून जाते. माणूस रस्त्याच्या मध्यावर उभा आहे आणि रस्ता त्याच्या मागून उजव्या कडेतून बाहेर पडतोय, असं झालं की नजरही त्याच्याबरोबर बाहेर पडते. माणूस असा उभा हवा की रेषा त्याच्यापाशी थांबेल, वळेल किंवा त्याच्या मागं लपेल.

५. लेन्स कुठली

फोनमध्ये शून्य पॉइंट पाच असं लिहिलेली वाइड लेन्स रेषेला लांब करते. जवळचे दगड हत्तीएवढे, लांबचा मनोरा काडीएवढा. रेषा जोरदार येते, पण टोकाचा सब्जेक्ट इतका बारीक होतो की पोचल्यावर हाती काही लागत नाही. म्हणून वाइड वापरताना सब्जेक्टच्या जवळ जा, वाटतं त्याच्या निम्म्या अंतरावर. आणि कडेला माणूस ठेवू नका, तो ताणला जाऊन आडवा दिसतो. फोन वर कलवला तर इमारती मागं पडल्यासारख्या दिसतात, तोही याच लेन्सचा स्वभाव.

लांबची लेन्स, म्हणजे दोन किंवा तीन पट झूम, अंतर दाबून टाकते. महाद्वार रोडवर गर्दीच्या वेळी एका टोकाला उभं राहून तीन पटीवर बघा. दुकानांच्या छत्र्या, पाट्या, माणसं एकमेकांवर रचल्यासारखी येतात. चप्पल लाइनमध्ये टांगलेल्या चपलांच्या रांगाही अशाच घट्ट होतात. तिथं रेषा लांब जात नाही, पण तालात येते.

कॅमेरा वापरत असाल तर एवढं पाठ करा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८, फोकस साधारण अडीच मीटरवर. सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. रेषेची सुरुवात आणि शेवट दोन्ही स्पष्ट हवे असतील तेव्हा हे कामाला येतं. फोनवर ही चिंता जवळजवळ नाही. टोकाच्या सब्जेक्टवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथं बांधला जातो.

६. रेषा मध्येच तुटू देऊ नका

ही गोष्ट मला कॅमेऱ्यानं नाही, अंबाबाईच्या किरणोत्सवानं शिकवली.

कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, पण बाहेरून शिकायला आलेल्यांसाठी सांगतो. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मंदिर बांधणाऱ्यांनी पश्चिमेच्या आभाळापासून देवीच्या मुखापर्यंत आखलेली ही उजेडाची रेषा आहे, आणि टोकाला कोण आहे हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

आता त्यातला दुखरा भाग. एखाद्या वर्षी किरण चरणांपर्यंत येतात आणि तिथंच विरतात. ढग असतात, हवेत धूळ असते, वाटेत एखादं बांधकाम आडवं येतं. मी गर्दीत उभा राहून किरण वर चढण्याची वाट बघितली आहे आणि ते कमरेजवळ थांबलेले पाहिले आहेत. सगळी रेषा शाबूत, फक्त शेवटचा थोडा भाग नाही, आणि तरी सगळे मुकाट्यानं हळहळत परततात.

फोटोतही असंच होतं. कठडा सुंदर, मनोरा सुंदर, आणि दोहोंच्या मधे कचऱ्याची पांढरी पिशवी. नजर पिशवीपाशी थांबते, कारण नजर आधी उजळ वस्तूकडं जाते. शटर दाबण्याआधी रेषेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत डोळ्यानं चालत जा. वाटेत काय अडवतंय? पिशवी असेल तर उचलून बाजूला टाका. लावलेली दुचाकी असेल तर दोन पावलं सरका. विजेची तार असेल तर आणखी खाली बसा, कधीकधी ती झाडामागं जाते.

मंदिरात कॅमेऱ्याला परवानगी नसते, तेव्हा हा धडा फोटो काढायचा नव्हे, बघायचा आहे.

७. प्रत्येक रेषेचा स्वभाव वेगळा

पंचगंगा घाटावर मी सगळ्यात जास्त चुका केल्या, म्हणून तिथं सविस्तर.

घाटाच्या वरच्या पायरीवर मधोमध उभं राहून नदीकडं बघितलं की पायऱ्या वहीच्या ओळींसारख्या आडव्या दिसतात. आडव्या ओळी नजरेला नेत नाहीत, अडवतात. प्रत्येक पायरीवर नजर ठेचकाळते आणि नदीपर्यंत पोचतच नाही. मी कितीतरी सकाळी असेच फोटो काढले. मग एकदा घाटाच्या एका टोकाला गेलो, पाण्यापासून तीन-चार पायऱ्या वर बसलो आणि पायऱ्यांच्या लांबीच्या दिशेनं बघितलं. त्याच आडव्या ओळी आता एका बिंदूकडं धावत होत्या. काठावरची छोटी देवळं त्यांच्या वाटेवर टप्प्याटप्प्यानं उभी होती आणि खालच्या पायरीवर एक मावशी ओला पदर पिळत होत्या. त्यांच्या हातातून पडणारं पाणी बरोबर त्या जागी चमकत होतं जिथं सगळ्या पायऱ्या एकत्र होत होत्या. पायऱ्या तिथंच होत्या, माझी उभी राहायची दिशा नव्वद अंशांत चुकली होती.

इथं रेषा पोचवायला आणखी एक टोक आहे, १८७०च्या दशकात बांधलेला शिवाजी पूल. त्याच्या दगडी कमानी पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासह गोल होतात, त्यामुळं रेषा सरळ येऊन गोलात विसावते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर पणत्या लागतात तेव्हा पायऱ्या स्वतः दिसत नाहीत, दिव्यांच्या रांगा दिसतात. अंधार असल्यामुळं फोनला हात हललेला चालत नाही. फोन पायरीवर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

वळणाची रेषा सावकाश नेते. नदीचं वळण, पन्हाळ्याचा घाटरस्ता, शेतातली पाटाची वाट, हे सगळं नजरेला घाई करू देत नाही. तिरकी रेषा वेग आणते. गोल रेषा मध्यावर आणून सोडते. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात बसायच्या गोल पायऱ्या लाल मातीच्या आखाड्याभोवती उतरत जातात. मैदान रिकामं असलं तरी नजर मातीवरच जाते. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडपही असाच, वर गोल मोकळं आकाश, खाली गोल शिळा आणि भोवती खांबांची वर्तुळं. पन्हाळ्याच्या तीन दरवाजात रेषेपेक्षा चौकटीतली चौकट आहे, पण फरशीच्या कडा बघायला विसरू नका, त्याच तुम्हाला आतल्या दरवाजात नेतात.

आणि उसाची सरी. आपल्या भागात याहून चांगली रेषा नाही, पण तिला मुदत असते. ऊस गुडघ्याएवढा असेपर्यंतच सरी दिसते. कमरेवर गेला की हिरवी भिंत होते, रेषा गेली. पूर्वहंगामी ऊस लावलेलं शेत डिसेंबरात गाठा, कारण तेव्हा गुऱ्हाळंही पेटलेली असतात. सरीच्या टोकाला गुऱ्हाळाचा धूर, असा फोटो त्या दिवसांतच मिळतो.

८. थांबा

रेषा सापडली, टोक सापडलं, चौकट बांधली, आता घाई नको. पुष्कळदा त्या टोकाला अजून कुणी आलेलं नसतं.

मी तो सरीचा फोटो काढायला एका गुऱ्हाळाशेजारच्या रानात बसलो होतो. सकाळचे साडेसात, दवानं पोतं ओलं झालेलं. धूर होता, सरी होती, पण चित्र रिकामं होतं. दोन फोटो काढून उठत होतो तेवढ्यात काहिलीजवळचे, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईजवळचे मामा ओरडले, "बसा की जरा! पोरगं चिपाडं आणाय गेलंया, यील आता."

पंधरा मिनिटं गेली. मग सरीच्या पलीकडच्या बांधावरून वाळक्या चिपाडांचा भारा डोक्यावर घेतलेला मुलगा आला. भारा त्याच्या अंगापेक्षा मोठा, त्यामुळं लांबून नुसता एक गोळा चालत आल्यासारखा. तो धुराच्या खाली, सगळ्या सऱ्या जिथं मिळत होत्या तिथं आला आणि एक पाऊल उचललेलं असताना मी बटण दाबलं. पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं तर तो उभा असल्यासारखा दिसला असता. पायात पाय अडकलेले नसावेत, दोन पायांमधे उजेड दिसावा, एवढं चालत्या माणसाच्या बाबतीत कायम बघा.

नंतर मामांनी काकवीचा पेला हातात दिला आणि फोटो मोबाइलवर मागून घेतला. ज्यांच्या जागेत बसतो त्यांना फोटो पाठवायचाच, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

९. परवानगी आणि जिवाची काळजी

रेल्वेचे रूळ. लीडिंग लाइन म्हटलं की सगळ्यांना आधी हेच सुचतं, आणि आपल्या श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर तर मिरजेहून येणारे रूळ संपतात, म्हणजे आयतं टोक. मोह आवरा. रुळांवर उतरणं हा रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठं म्हणजे कान आणि डोळे फोटोत गुंतलेले असताना गाडी ऐकू येत नाही. एकाही फोटोची किंमत तेवढी नाही.

नदी. पावसाळ्यात घाटावर जाण्याआधी राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी बघा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी चढत असताना खालच्या पायऱ्यांवर बसायचं नाही. उतरल्यावरही पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ असतं, चपलेनं पाय सरकतो.

वास्तू. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात आत फोटो काढता येत नाहीत. पन्हाळा आणि खिद्रापूर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. साधे फोटो काढता येतात, ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. धरणांजवळ पाटी वाचल्याशिवाय कॅमेरा काढू नका. खासबागेत किंवा तालमीत आत जायचं असेल तर आधी वस्तादांना भेटा, चपला बाहेर काढा आणि मातीवर बोलावल्याशिवाय पाय ठेवू नका.

माणसं. घाटावर अंघोळ करणारे, दशक्रियेला आलेले, यांच्याकडं लेन्स फिरवायची नाही. रेषा कितीही सुंदर तिथं जात असली तरी.

१०. घरी आल्यावर

फोटो तासाभरानं बघा, लगेच नको. मग तीन गोष्टी करा. फोटो कृष्णधवल करून बघा, रंग गेले की रेषा उघडी पडते आणि कमजोर असेल तर लगेच कळते. मग उलटा करून बघा, खालचं वर. ओळखीचा रंकाळा अनोळखी झाला की नजर खरंच कुठं जाते ते समजतं. शेवटी सुतळी. फोनच्या पडद्यावर रेषेवरून धरा आणि ती संपते तिथं बोट ठेवा. बोटाखाली काय आहे?

क्रॉप करताना रेषेची सुरुवात कापू नका. कापायचंच असेल तर आभाळ कापा, आपण सगळेच फोटोत गरजेपेक्षा जास्त आभाळ ठेवतो.

पहिल्या आठवड्यासाठी एवढं करा. एकच जागा घ्या, घराजवळची, गल्लीतला बोळ असला तरी चालेल. रोज वीस मिनिटं. पहिले दोन दिवस फक्त उंची बदला, पुढचे दोन फक्त लेन्स, मग दोन दिवस एकाच चौकटीत बसून कोण येतं ते बघा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तीच जागा परत परत बघणं हे या गावाला नवीन नाही. सातव्या दिवशी उजाडायच्या आत त्याच जागी जा. सूर्य खाली असताना खांबांच्या, झाडांच्या सावल्या लांब होतात आणि आठवडाभर तुम्हाला न दिसलेली एखादी रेषा जमिनीवर आडवी पडलेली असते. तिच्या शेवटापर्यंत चालत जाऊन बघा आणि मगच फोन बाहेर काढा.